जीवरसायनशास्त्राची वाट : एका पालकांच्या पत्रास उत्तर

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यापुढे एका निवृत्त प्राध्यापिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषणास आरंभ करण्यापूर्वी एक लहानसे काम उरकून घेऊ. या मेजावर तीन परीक्षानळ्या उभ्या आहेत. तिन्हींमध्ये एकाच पातेल्यातील, भरपूर पाणी घालून पातळ केलेली आणि फडक्यातून गाळलेली पेज आहे. पहिल्या नळीत पेजेशिवाय काहीही नाही. दुसरीत दहावीतील एका विद्यार्थिनीने आपली थोडी लाळ आताच घातली आहे. तिसरीतही तिचीच लाळ आहे, परंतु ती अगोदर उकळून घेतलेली आहे. तिन्ही नळ्या कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवल्या आहेत. पाणी निवू लागले की त्यात थोडे गरम पाणी घालीत जावे, अशी विज्ञानाच्या गुरुजींना विनंती आहे. माझे बोलणे संपेपर्यंत नळ्यांना तेवढा अवधी पुरेल.

आता मूळ विषयाकडे वळते. आठ दिवसांपूर्वी मुख्याध्यापकांनी माझ्या हाती एक पत्र दिले. पत्र लिहिणारे गृहस्थ या गावचे शेतकरी आहेत आणि ते या सभेत उपस्थित आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही. त्यांची कन्या यंदा दहावीच्या परीक्षेस बसत आहे. मुलगी हुशार आहे, आणि पुढे आपण जीवरसायनशास्त्रज्ञ व्हावयाचे असे तिच्या मनाने घेतले आहे. तिच्या वडिलांनी पत्रात तीन प्रश्न विचारले आहेत. हा जीवरसायनशास्त्रज्ञ नावाचा मनुष्य करतो तरी काय? त्यावर त्याचे पोट भरते का? आणि आमच्यासारख्या घरातील मुलीला ते झेपेल का? चाळीस वर्षे हे शास्त्र शिकविण्यात घालविलेल्या बाईलाही इतके नेमके प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून आजचे माझे भाषण हे त्या पत्राचे उत्तर आहे. इतरांनी ते आपलेही समजून ऐकावे.

पहिला प्रश्न सर्वांत सोपा, तरी त्याचे उत्तर देताना माझी नेहमी तारांबळ होते. मी एम्. एस्सी. झाले तेव्हा आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्यांनी मोठ्या आपुलकीने विचारले होते, "मग दुकान कुठे काढणार? म्हापशात की फोंड्यात?" केमिस्ट म्हणजे औषधांचा दुकानदार, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक होता. त्यांचा काहीच दोष नव्हता, कारण त्या काळी आमच्या तालुक्यात याहून दुसऱ्या प्रकारचा केमिस्ट कोणी पाहिलेलाच नव्हता.

तेव्हा व्याख्या बाजूस ठेवून आपण आपल्या स्वयंपाकघरातच जाऊ. आपल्याकडे पेज होते ती उकड्या तांदळाची. भात तुसासकट भिजवावयाचे, उकडावयाचे, वाळवावयाचे आणि मग कांडावयाचे, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आली आहे. ती कशासाठी, असे माझ्या आजीला विचारले असते तर तिने सांगितले असते की उकडा तांदूळ पोटाला आधार देतो. तिचे म्हणणे खरे होते. परंतु का खरे होते, हे कळण्यास जगाला पुष्कळ वर्षे लागली, आणि त्याचा उलगडा एका कोंबड्यांच्या खुराड्यात झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरी नावाचा रोग थैमान घालीत होता. माणसाचे पाय लुळे पडत, अंगावर सूज चढे आणि शेवटी हृदय थकून तो दगावे. ख्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर या रोगाचे जंतू शोधीत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या तितक्याच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी करता असे निघाले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा सडीक भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना का घालावा, असे म्हणून त्याने तो बंद केला आणि कोंबड्यांना पुन्हा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला. त्या आचाऱ्याचा कंजूषपणा विज्ञानाच्या फार उपयोगी पडला! आइकमानने मग मुद्दाम सडीक तांदूळ घालून कोंबड्या आजारी पाडल्या आणि कोंडा घालून त्या बऱ्या केल्या. रोग जंतूंमुळे होत नव्हता. तांदूळ सडताना जे कोंड्याबरोबर निघून जाई त्याच्या अभावामुळे तो होत होता. त्या द्रव्याला आज आपण जीवनसत्त्व ब-१ म्हणतो. ते शुद्ध स्वरूपात हाती येण्यास १९२६ साल उजाडले.

आता आपल्या उकड्या तांदळाकडे पाहा. भात तुसासकट भिजते व उकडते तेव्हा कोंड्यातील हे द्रव्य पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते. त्यामुळे पुढे कांडले तरी त्यातले बरेचसे दाण्यातच राहते. शिवाय ते पाण्यात विरघळणारे असते, आणि पेज पिणारा मनुष्य भाताचे पाणी फेकून देत नाही. माझ्या आजीच्या म्हणण्याचे हे स्पष्टीकरण. अन्नातील, शरीरातील, वनस्पतीतील कोणते द्रव्य नेमके काय करते, ते किती आहे, ते कशाने नाश पावते आणि त्याच्यावाचून काय बिघडते, हे शोधून काढणारा तो जीवरसायनशास्त्रज्ञ. तो आइकमानसारखा कोंडा चिवडीत बसतो. कोणी तांदळाचा चिवडतो, कोणी रोग्याच्या रक्ताचा, तर कोणी समुद्रातील शेवाळाचा, एवढाच फरक.

तिसरा प्रश्न मी दुसऱ्याच्या आधी घेते. मुलीला हे झेपेल का? याचे उत्तर माझ्या मताने देण्यापेक्षा एका बाईंच्या चरित्राने दिलेले बरे. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत. जन्म १९११ साली इंदूरचा. शिक्षकांपैकी ज्यांनी दुर्गा भागवतांचे लेखन वाचले असेल त्यांना सांगते की दुर्गाबाई या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्र शिकलेले. तीच संस्था पुढे भारतीय विज्ञान संस्था या नावाने सर्वत्र ओळखली जाऊ लागली. घरात शास्त्राचे असे वातावरण आणि मुलीने शिकावे याबद्दल घरचा दुजाभाव नाही, ही अनुकूलता कमलाबाईंना लाभली होती. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत त्या १९३३ साली पहिल्या आल्या. वडिलांच्या व चुलत्यांच्याच संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. कारण एवढेच की अर्जदार स्त्री होती.

नाकारणारे संचालक कोण, हे आजच्या दिवशी सांगताना मला अवघड वाटते, परंतु ते सांगितलेच पाहिजे. ते होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थच आपण १९८७ पासून हा दिवस पाळीत आलो आहोत. त्या शोधाबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशाविषयी त्यांची दृष्टी फार दूरवर पोचत होती. दारात उभ्या असलेल्या मुलीविषयी मात्र ती पोचली नाही. मुलांनो, रामन यांच्याविषयीचा तुमचा आदर कमी व्हावा म्हणून मी हे सांगत नाही. थोर शास्त्रज्ञाचेही एखादे मत साफ चुकीचे असू शकते आणि ते चुकीचे आहे असे म्हणण्यास वीस-बावीस वर्षांची मुलगी पुरेशी असते, एवढे आज लक्षात ठेवा.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. त्यांनी संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह केला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष ही मुलगी नियमित विद्यार्थिनी गणली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, तिने काम केले पाहिजे. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीची जबाबदारी वास्तविक त्या पुरुषांवर टाकावयास हवी होती, असे माझे नम्र मत आहे. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, परंतु तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत आणि उतारवयातही त्यांनी तो स्पष्ट शब्दांत बोलून दाखविला. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले, त्यांचा प्रवेश नियमित झाला आणि पुढे येणाऱ्या मुलींसाठी त्या संस्थेचे दार उघडले. एम्. एस्सी. ही पदवी त्यांना १९३६ साली मिळाली.

तेथून त्या शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. आइकमानला १९२९ साली जे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात त्याचे वाटेकरी असलेले हेच हॉपकिन्स. कोंबड्यांच्या खुराड्यापासून निघालेली वाट अशी फिरून आपल्या इंदूरच्या मुलीपाशी येते. प्रयोगशाळेत जागा रिकामी नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरू दिले आणि स्वतः रात्री काम करण्याचे पत्करले. पुढे बटाट्यावर काम करता करता कमलाबाईंनी दाखवून दिले की सायटोक्रोम-सी नावाचे एक लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींमध्येही असते. पेशीच्या श्वसनक्रियेत हे प्रथिन महत्त्वाचे काम करते. माणसाची पेशी आणि बटाट्याची पेशी श्वास घेण्याच्या बाबतीत भाऊबंद आहेत, असा याचा सोपा अर्थ. त्यांचा प्रबंध टंकलिखित सुमारे ४० पानांचा होता. चारशे पानांचे प्रबंध तपासून ज्यांचे डोळे शिणले आहेत, अशा आम्हा परीक्षकांना या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते! विज्ञानातील पीएच्. डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. साल १९३९.

त्याच वर्षी त्या परत आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. ही प्रयोगशाळा मुळात १९१८ साली बेरीबेरीच्या चौकशीसाठीच एका खोलीत सुरू झाली होती. तिचे स्थलांतर १९५८ मध्ये हैदराबादला झाले आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. विवाहानंतर, १९४७ साली, कमलाबाई मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील त्यांचे काम आपल्या गावच्या माणसास सर्वांत जवळचे वाटेल असे आहे. कडधान्ये हे गरिबाचे मांस, असे आपण म्हणतो. मग कच्चे कडधान्य का बाधते? वाल, आळसांदे, कुळीथ आपण भिजवितो, मोड आणतो, चांगले शिजवितो, ते का? आपल्या स्वादुपिंडातून आतड्यात ट्रिप्सिन नावाचे एक विकर येते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारे प्रथिन. इंग्रजी पुस्तकांत त्यालाच एन्झाइम म्हणतात. ट्रिप्सिनचे काम अन्नातील प्रथिनांचे तुकडे करण्याचे. कच्च्या कडधान्यात असे काही पदार्थ असतात की ते या ट्रिप्सिनला जखडून टाकतात. कात्रीच्या पात्यांत कोणी लाकडाची ढलपी अडकवावी, तसे. कात्री चालत नाही आणि खाल्लेले प्रथिन वाया जाते. नीट शिजविले म्हणजे हे विरोधी पदार्थ बव्हंशी निकामी होतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडील कडधान्यांतील या पदार्थांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. परदेशी मासिकांत सोयाबीनवर लेख येत असताना वालाचा विचार करण्याचे त्यांनी मनावर घेतले, याला मी फार महत्त्व देते. आपल्या ताटातील अन्नाचा अभ्यास आपल्या माणसांनी नाही केला तर तो कोणी करावा?

त्यांचे दुसरे गाजलेले काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. आपल्या गोव्यात माडाचा रस काढणारा रेंदेर सर्वांच्या परिचयाचा आहे. रस ताजा असतो तेव्हा तो गोड असतो. ऊन चढले की त्यातील सूक्ष्म किण्व साखरेचे मद्य करू लागतात आणि त्याची सूर होते. आणखी ठेवला तर शिरका. एकाच मडक्यात ही सारी जीवरसायनशास्त्राची शाळा भरलेली असते. ताज्या, न आंबलेल्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह असते आणि आदिवासी भागातील कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यास त्यांची प्रकृती सुधारते, असे कमलाबाईंच्या अभ्यासात दिसून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही दूध नासू नये म्हणून त्यांनी साहाय्य केले.

हे सर्व झाले तरी मुंबईच्या त्या संस्थेचे संचालकपद त्यांना हक्काने मिळावयास हवे होते त्याहून चार वर्षे उशिरा मिळाले. बंगलोरचे दार १९३३ मध्ये उघडले म्हणून पुढची सारी दारे आपोआप उघडली, असे झाले नाही. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या, अन्नातील भेसळ ओळखण्याच्या सोप्या रीती लोकांना सांगत राहिल्या आणि १९८२-८३ मध्ये भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. त्यांचे निधन १९९८ साली झाले.

आता पत्रलेखक गृहस्थ मनात म्हणत असतील की बाई, त्यांच्या घरात दोन-दोन रसायनशास्त्रज्ञ होते, आमच्या घरात नांगर आहे. हा आक्षेप मी खोटा मानीत नाही. म्हणून थोडे स्वतःविषयी सांगते. माझ्याही घरी नांगरच होता. मुक्तीनंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्या लाटेत मी अक्षर शिकले. पदवीनंतर पुढचे शिक्षण राज्याबाहेर होते. माझ्या वडिलांना जीवरसायनशास्त्र हा शब्द शेवटपर्यंत नीट उच्चारता आला नाही. त्यांनी मला एवढेच विचारले, "तिथे राहायला जागा कशी आहे, आणि जेवण कोण करतं?" वसतिगृह पाहून ते परत आले आणि दुभती म्हैस विकून त्यांनी माझी पहिली फी भरली. पुढे एका मुलाखतीत मला विषयातील एकही प्रश्न न विचारता लग्न केव्हा करणार, एवढेच विचारण्यात आले. ती जागा मला मिळाली नाही. दुसरी मिळण्यास अडीच वर्षे लागली. त्या काळात मी घरी बसले नाही, माध्यमिक शाळेत शिकविले. परंतु ती अडीच वर्षे कठीण होती, हे लपविण्यात अर्थ नाही.

याहून कठीण एक रात्र होती. मोड आलेल्या कुळथातील एक विकर मी शुद्ध करीत होते. असे काम थंड खोलीत करावे लागते, कारण उष्णता लागली की हे प्रथिन निकामी होते. पाच महिन्यांच्या खटपटीने जमा केलेला, करंगळीएवढ्या नळीत मावणारा तो पदार्थ मी रात्री थंड खोलीत ठेवून गेले. रात्री वीज गेली, आणि पहाटे परत आली तरी यंत्र कोणी सुरू केले नाही. सकाळी माझ्या नळीत कुळथाच्या कढणाएवढीही किंमत नसलेले पाणी होते. मी वसतिगृहात जाऊन रडले. दुपारी पुन्हा पाच किलो कुळीथ भिजत घातले. मुलीला झेपेल का, या प्रश्नाचा खरा अर्थ माझ्या मते हा आहे. बुद्धी तर तिच्याजवळ आहेच. कुळीथ पुन्हा भिजत घालण्याची तिची तयारी आहे का, ते पाहावे. शेतकऱ्याच्या घरातील मुलीला हे निराळे शिकवावे लागत नाही. पुरात वाहून गेलेला तरवा पुन्हा टाकताना तिने आपल्या वडिलांना पाहिलेले असते.

आता राहिला पोटाचा प्रश्न. येथे मी गोड बोलणार नाही. दहावीनंतर उच्च माध्यमिकची दोन वर्षे, बी. एस्सी. ची किमान तीन, एम्. एस्सी. ची दोन. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची घेतली तर पुढचे एक वर्ष काही ठिकाणी वाचते. म्हणजे साधारण सात वर्षे खर्चाची. त्यानंतर संशोधनाकडे जावयाचे असेल तर पीएच्. डी. ची आणखी पाच. मात्र ही पाच वर्षे घरच्या पैशावर काढावी लागत नाहीत. राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ मध्ये सुधारलेल्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि दोन वर्षांनंतर ही रक्कम वाढते. परंतु ही परीक्षा अवघड आहे. बसणारे पुष्कळ आणि छात्रवृत्ती मिळविणारे थोडे.

सर्वांनी पीएच्. डी. करावी असेही नाही. एम्. एस्सी. नंतर इस्पितळांच्या प्रयोगशाळांत काम असते. रक्तातील साखर, मूत्रपिंडाची स्थिती, गलग्रंथीचे स्राव यांचे जे आकडे आपण कागदावर वाचतो, त्यांच्यामागे जीवरसायनशास्त्र असते. गोव्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत आणि प्रत्येक कारखान्यात गुणवत्ता तपासणारा विभाग असावाच लागतो. अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रातील जीवांच्या रसायनावर संशोधन चालते. आणि आमच्यासारखे शिक्षक. येथे एक सावधगिरीची सूचना देते. महाविद्यालयांतील कायम जागा थोड्या निघतात आणि अनेक तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत असतात. केवळ प्राध्यापक होण्याचा एकच बेत मनात धरून या वाटेस लागू नये. खाजगी कारखान्यात सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, अनुभवाने तो वाढतो. डॉक्टर किंवा अभियंता झालेल्या शेजाऱ्याच्या मुलाशी पहिली दहा वर्षे तुलना करू नका, मन कष्टी होईल.

शिक्षण कोठे घ्यावे? येथे गोवा विद्यापीठात रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान हे विभाग आहेत. जवळ धारवाड, जरा लांब बडोदे, इंदूर, हैदराबाद, या सर्व ठिकाणच्या विद्यापीठांत जीवरसायनशास्त्र स्वतंत्रपणे शिकविले जाते. ज्यांचे मुलीला दूर पाठविण्याचे धैर्य होत नाही त्यांना सांगते की बडोदे, इंदूर ही शहरे मराठी माणसाला परकी नाहीत. तेथे रस्त्यात मराठी कानावर पडते आणि गणपतीच्या दिवसांत आपल्या बोलीत हाक मारणारे कोणीतरी भेटते.

एक गोष्ट शिक्षकांसाठी. अकरावीत शास्त्र घेताना पुष्कळ मुली गणित सोडून देतात, कारण जीवशास्त्र असले म्हणजे गणिताचे काम नाही असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. हा सल्ला चुकीचा आहे. जीवरसायनशास्त्रात मोजमापावाचून पाऊल पुढे पडत नाही, आणि आजच्या काळात तर प्रथिनांच्या रचनेचे निम्मे काम संगणकावर चालते. चारही विषय घेणे जमत असेल तर घेऊ द्यावे. दुसरे असे की प्रयोगवहीत पुस्तकातील उत्तर उतरवून घेण्याची सवय मोडावी. चुकलेला आकडा खोडू नये, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. माझ्या एका विद्यार्थ्याने असा एक नको असलेला आकडा न खोडता तसाच ठेवला होता. महिनाभराने कळले की आकडा बरोबर होता आणि आमची बाटली चुकीची होती.

पत्रलेखक महाशय, आपण अखेरीस लिहिले आहे की निर्णय मेअखेरपर्यंत करावयाचा आहे. तेव्हा घाई नाही. परीक्षा होऊ द्या. मग एक दिवस मुलीला घेऊन बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा दोनापावल्यास या. मी बरोबर येईन आणि आतील माणसांची परवानगी मिळवीन. ती लोकं दिवसभर कशी उभी राहून काम करतात, काय खातात, घरी केव्हा जातात, ते आपण स्वतः पाहा. माझ्या वडिलांनी वसतिगृह पाहिले, तसे. त्यानंतर आपणास जे योग्य वाटेल ते करा.

आता नळ्यांची वेळ झाली. आयोडीन पिष्टावर पडले की निळा रंग येतो, हे मुलांनी पुस्तकात वाचले आहे. ज्या मुलीने सकाळी लाळ दिली तिनेच पुढे यावे. हो, तूच ये. प्रत्येक नळीत दोन-दोन थेंब घाल, सावकाश. पहिली नळी निळी झाली, कारण तिच्यातील पिष्ट जसेच्या तसे आहे. दुसरी पाहा, निळी होत नाही. आयोडीनचाच फिकट पिवळा रंग राहिला आहे, कारण या अर्ध्या-पाऊण तासात लाळेतील विकराने पेजेतील पिष्टाची साखर करून टाकली. आता तिसरी. थांब, थेंब घालण्यापूर्वी काय होईल ते या सर्वांना सांग. लाळ तुझीच आहे, पण उकळलेली. निळी होईल म्हणतेस? घाल तर मग. मागच्या बाकावरील मंडळींनी पुढे येऊन पाहावे.